ओहोटीत मुलांसोबत हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ हरिहरेश्वर वसलेले आहे. दक्षिण काशी म्हणून आणि पेशव्यांचे कुलदैवत म्हणून या क्षेत्राची ख्याती आहे, त्यामुळे तिथे जाणारे बहुतेक लोक देवदर्शन करून, संध्याकाळी पुळणीवर पाय भिजवून परततात. माझ्या मते मात्र लहान मुलांना घेऊन तिथे जाण्याचे सर्वांत मोठे कारण देवळाच्या मागे आहे. देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या अंगाने वळसा घालणारी जी प्रदक्षिणेची वाट आहे, तिचा खालचा भाग रोज भरतीच्या पाण्याखाली जातो आणि ओहोटीला पुन्हा उघडा पडतो. वर उभा कडा आणि खाली लाटांनी कापून काढलेली काळ्या कातळाची विस्तीर्ण सपाटी, असे ते दृश्य मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

या वाटेवर आपल्या सवडीने जाता येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून निघालो आणि तेव्हाच भरती असली, तर पायऱ्यांच्या वरच्या टोकावरून फेसाळणारे पाणी पाहून माघारी फिरण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून आम्ही सहलीची तारीख ठरवतानाच दिनदर्शिका उघडून बसलो, आणि वेळ काढण्याचे काम पाचवीत शिकणाऱ्या मुलीकडे दिले. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनला आणि पहाटेही साधारण त्याच सुमारास पाणी पूर्ण चढलेले असणार, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे सकाळी आठच्या आसपास, पूर्ण ओहोटी असणार. तिने हा हिशेब प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत ओळीने मांडला आणि मग स्वतःच विचारले, की पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येते आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिपदेला पाऊण, तर मधल्या एका दिवसात दीड तासाची उडी कशी?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. भरतीची वेळ दर तिथीला सरासरी 48 मिनिटांनी पुढे सरकते, कारण 30 तिथींमध्ये तिला चोवीस तासांचा पूर्ण फेरा करायचा असतो. आपल्या पूर्वजांनी तोंडी हिशेबासाठी ती 45 मिनिटे धरली. रोजची ती तीन मिनिटे साठत जातात आणि पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो. प्रत्यक्षात पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे शुक्ल किंवा कृष्ण पक्षाच्या पहिल्या तिथींना हा हिशेब बराच अचूक असतो आणि पक्षाच्या अखेरीकडे त्यात थोडी भर घालावी लागते. मुले बरोबर असताना केवळ तोंडी हिशेबावर मात्र विसंबू नये. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो, त्यांवर आधारलेल्या वेळा आता मोबाइलवरही मिळतात, आणि गावातल्या माणसांना विचारणे तर कधीच चुकवू नये. आम्ही तिन्ही ठिकाणी पडताळा घेतला.

तिथी निवडण्यात आणखी एक मर्म आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती होते. पाणी जितके अधिक वर चढते, तितकेच ओहोटीला अधिक मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही. कातळाची सपाटी जास्तीत जास्त उघडी पाहायची असेल तर उधाणाचे दिवस हवेत. पण आपल्याकडे नेमक्या पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. हिवाळ्यात त्या वेळी एक तर नुकते उजाडत असते किंवा अंधारून येत असते. द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी या तिथींना उधाणाचा जोर बराच टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. ऊन कोवळे असते, मुलांची झोप झालेली असते आणि खडक तापलेले नसतात. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा या मार्गाने आदल्या दिवशीच पोहोचून मुक्काम करावा आणि सकाळी निघावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते.

इथल्या दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि पुन्हा काळभैरव. दर्शन आटोपून देवळामागून थोडे चढून गेले, की वाट पलीकडच्या अंगाला उतरू लागते आणि दोन्ही बाजूंना उंच खडकाच्या भिंती असलेल्या एका अरुंद घळीतून पायऱ्या थेट समुद्राकडे जातात. या पायऱ्या उतरताना मुले एकाएकी गप्प होतात. वरून फक्त आकाशाची पट्टी दिसते, समोर पाण्याचा तुकडा दिसतो आणि लाटांचा आवाज भिंतींमध्ये घुमतो. पायऱ्या ओल्या आणि कुठे कुठे उंच आहेत, म्हणून मुलांना पुढे पळू न देता एका मोठ्या माणसाने पुढे आणि एकाने मागे राहावे.

घळीतून बाहेर पडल्यावर डोंगर उजव्या हाताला राहतो आणि डावीकडे समुद्र. पायांखाली पसरलेल्या सपाटीला भूगोलाच्या पुस्तकात तरंगघर्षित मंच म्हणतात. हा कातळ दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटत राहतात, भेगांमध्ये शिरलेली हवा आणि पाणी खडक सैल करतात, पायथा पोखरला गेला की वरचा भाग कोसळतो, आणि कोसळलेल्या दगडांनाच हत्यार करून लाटा पुन्हा कड्यावर मारा करतात. असे होत होत कडा मागे सरकतो आणि त्याच्या जुन्या पायथ्याची जागा सपाटी म्हणून मागे उरते. सहा वर्षांच्या धाकट्याला मी एवढेच सांगितले, की तू जिथे उभा आहेस तिथे पूर्वी डोंगर होता. त्याने लगेच विचारले, ‘मग समुद्र कुठे होता?’ त्याचे खरे उत्तर त्याहूनही नवलाचे आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवर हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती आणि कोकणचा किनारा पश्चिमेला कित्येक कोस दूर होता. आज जिथे मासेमारीच्या होड्या दिसतात, तिथे तेव्हा जमीन होती.

सर्वांत जास्त वेळ आम्ही कड्याच्या भिंतीपाशी थांबलो. खडकाच्या अंगावर लहानमोठ्या खळग्यांची अशी दाट जाळी पडली आहे, की ती मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसते. मधल्या पडद्या काही ठिकाणी बोटाहूनही पातळ आहेत. ही कोरीव नक्षी लाटांच्या आघाताने झाली असावी असे प्रथम वाटते, पण तिचा खरा कारागीर मीठ आहे. भरतीचे तुषार खडकावर पडतात, पाणी सूक्ष्म छिद्रांत मुरते, उन्हाने ते आटते आणि आत मिठाचे स्फटिक वाढू लागतात. वाढता स्फटिक आजूबाजूच्या कणांना ढकलतो, एकेक कण सुटतो, खळगा खोल होतो, आणि खोल खळग्यात ओल अधिक काळ टिकत असल्यामुळे तो आणखी वेगाने खोल होत जातो. जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, तीही हीच क्रिया. मुलांच्या आजोळच्या घरात त्यांनी ती पाहिलेली होती, त्यामुळे फारसे समजावून सांगावे लागले नाही. मुलीने भिंतीवर हलकेच बोट फिरवले आणि बोटाला लागलेली खारट चव घेऊन खात्री केली. या पडद्या नाजूक आहेत. त्यांवर पाय देऊन चढणे, दगडाने तुकडे पाडणे किंवा नावे कोरणे हे प्रकार पाहिले की जीव तुटतो, कारण एक पडदी मोडायला क्षण लागतो आणि तशी घडायला मात्र माणसाची कितीतरी आयुष्ये जावी लागतात.

सपाटीवर काही ठिकाणी गोल खळगे आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यांची जातकुळी ओळखता येईल: खळग्यात अडकलेले गोटे पाण्याबरोबर गरगर फिरतात आणि खडक घासत राहतात. ओहोटीला त्यांत जे पाणी उरते, ते मुलांसाठी या वाटेवरचे खरे भांडार आहे. अशा खळग्याच्या काठी उकिडवे बसून, आपली सावली पाण्यावर पडू न देता, दोन-तीन मिनिटे अजिबात न हलता पाहत राहायचे, एवढाच नियम आम्ही केला होता. आधी काहीच दिसत नाही. मग एखादा शंख चालू लागतो आणि कळते, की आत गोगलगाय नसून खेकडा आहे. त्याचे पोट मऊ असते म्हणून तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि मोठा झाला की मोठा शंख शोधतो. त्यामुळेच किनाऱ्यावरचे रिकामे शंख पिशव्या भरभरून आणू नयेत, हे धाकट्याला कुणी न सांगता पटले. समुद्रफुले पाण्यात आपले तंतू पसरून बसलेली असतात आणि खळग्यातले पाणी आटले की मिटून लिबलिबीत गोळा होतात. त्यांना बोट लावण्याचा मोह मुलांना होतोच. आम्ही तो होऊ दिला नाही.

खडकावरच्या जीवांचे पट्टे पाहून पाणी कुठवर चढते तेही वाचता येते. वर अगदी बारीक गोगलगायी, ज्यांना दिवसाचा बराच वेळ कोरडे राहणे चालते, त्याखाली पांढुरक्या, टोकदार कवचांचे बार्नाकल, जे ओहोटी लागताच झाकणे बंद करून आत ओल धरून ठेवतात, त्याखाली कालवे, म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले, आणि सर्वांत खाली, जिथे पाणी थोडाच वेळ हटते, तिथे शेवाळ. हा क्रम मुलीला समजला तेव्हा तिने कड्याकडे पाहून भरतीला आपल्या डोक्याच्या किती वर पाणी असेल याचा अंदाज बांधला. त्यानंतर तिला ‘लवकर चल’ असे सांगावे लागले नाही.

सुरक्षिततेबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या वाटेवर लाटेने ओढले जाऊन माणसे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. पावसाळ्यात आणि समुद्र खवळलेला असताना इथे उतरूच नये. चांगल्या दिवशीही उतरत्या पाण्याबरोबर जावे: पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी खाली उतरावे आणि पाणी वळायच्या सुमारास वाट संपवत आणावी. भरती एकसारख्या वेगाने येत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात ती एकूण चढाच्या साधारण बाराव्या भागाइतकीच चढते, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तिप्पट. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धे पाणी भरते. पहिल्या तासातली संथ वाढ पाहून ‘अजून खूप वेळ आहे’ असे ज्याला वाटते, तोच अडचणीत सापडतो. शिवाय शांत दिसणाऱ्या समुद्रातही अधूनमधून मोठ्या लाटांचा एखादा गट येतो, म्हणून ओल्या खडकाच्या कडेला जाऊन, समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढणे पूर्णपणे टाळावे. हिरवे शेवाळ असलेल्या जागी पाय ठेवू नये. कालवांच्या कडांनी पाय कापतात. अनेक भाविक ही वाट अनवाणी चालतात, पण मुलांच्या पायांत मागून बंद, चांगली पकड असलेली जुनी पादत्राणे असावीत.

वाटेत विष्णुपद, गायत्री तीर्थ अशी स्थाने लागतात, आणि भाविक तिथे थांबून नमस्कार करतात. कातळातल्या एखाद्या उमटलेल्या आकाराला पाऊल म्हणावे, एखाद्या पाण्याच्या जागेला तीर्थ म्हणावे, ही त्या खडकाकडे फार पूर्वीपासून निरखून पाहणाऱ्यांची श्रद्धा आहे. भूगोल सांगताना मी ती बाजूला सारली नाही, आणि मुलांनाही दोन्ही गोष्टी एकत्र ऐकण्यात काही अडचण वाटली नाही.

वाट संपून पुळणीकडे येताना खडकांवर दोन बायका लोखंडी हत्याराने कालवे काढत बसल्या होत्या. ‘मावशी, हे घट्ट चिकटलेलं कसं निघतं?’ असे मुलीने विचारले, तेव्हा त्यांतल्या एकीने वरचे कवच नेमके कुठे ठोकायचे ते तिला दाखवले आणि आतले कालव भांड्यात टाकले. ‘पाणी भरायला लागलं की आम्ही उठतो, पण तू त्याच्या आधीच वर जा हो बाय,’ असेही तिने बजावले. ज्यांचे रोजचे कामच ओहोटीच्या वेळेवर चालते, त्यांच्या शब्दाला कोणत्याही तक्त्याइतका मान द्यावा.

ज्यांची मुले अगदी लहान आहेत, किंवा बरोबर गुडघे दुखणारे आजी-आजोबा आहेत, त्यांनी पायऱ्यांची वाट सोडून द्यावी आणि ओहोटीच्या त्याच वेळी पुळणीच्या टोकाच्या खडकांपाशी यावे. कड्याची जाळी तिथे इतकी दाट दिसणार नाही, पण पाण्याने भरलेले खळगे, शंखातले खेकडे आणि बार्नाकलचे पट्टे तिथेही आहेत, आणि ते पाहायला डोंगराला पूर्ण वळसा घालावा लागत नाही.