लाल टोपी, नारिंगी टोपी

मे महिन्यात नागपुरात कोणाची शुगर उतरत नसली की संशयित दोनच असतात, आमरस आणि ऊन. या काकूंवर दोन्ही आरोप लावून झाले होते.

काकू मानेवाड्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. डायबेटिस नुकताच निघालेला, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ११.८, वजनही उतरलेलं. शुगर इतकी चढलेली असली की नुसत्या गोळ्यांवर न थांबता बहुतेक डॉक्टर सुरुवातीलाच इन्सुलिन देतात. तसं त्यांच्या भागातल्या दवाखान्यात दिलंही होतं: ३०/७० मिश्रणाची (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन) बाटली, सकाळी २० युनिट, रात्री १४, जोडीला मेटफॉर्मिन. शुगर हटेना म्हणून डोस चढत चढत सकाळी ३२, रात्री २४ वर गेला. फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची शुगर, तरी २४० च्या खाली येईना. दर फेरीला तोच प्रश्न, "काकू, खरं सांगा, आंबा खाल्ला ना?" बाईंनी आंबा तर सोडलाच होता, रविवारचे तर्री-पोहेही सोडले होते. पण फाइलमध्ये नोंद काय, तर 'पथ्य पाळत नाहीत'.

मग एका रात्री तीनच्या सुमारास त्या घामाने निथळून बरळायला लागल्या. मीटरवर ४६. मुलाने घाबरून तोंडात संत्रा बर्फी कोंबली. नशीब, त्या गिळण्याइतक्या शुद्धीवर होत्या. अशा वेळी खव्याची मिठाई, चॉकलेट, दूध कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम; १५ मिनिटांनी पुन्हा मीटर; ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच, वर आली की पोळी किंवा बिस्किटं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना.

सकाळी हे कुटुंब धंतोलीत आमच्याकडे आलं ते इन्सुलिन बंद करायचं ठरवूनच. मी इथे डायबेटिस एज्युकेटर आहे. मुलगा म्हणाला, "इतके दिवस वाढवून राहिले तरी हटली नाही, अन् एका रात्रीत ४६ कशी झाली?" इतका नेमका प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता.

मी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. सून इंजेक्शन द्यायची, म्हणून सगळं तिलाच विचारलं. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या खणाजवळ नाही. ठीक. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही कामाचं राहत नाही, आणि उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेलंही नाही. दुधाळ औषध तळहातांत हलकेच घोळवायची, खळखळवायची नाही. औषध बिघडल्यासारखे काचेला कण चिकटलेले नव्हते. पोटावर सुया टोचून झालेल्या गाठी नव्हत्या. सगळं शिकवल्याबरहुकूम.

मग विचारलं, एक बाटली किती दिवस पुरते?

"सतरा-अठरा दिवस, ताई. चांगली पुरते."

दहा मिलीची बाटली, मिलीला ४० युनिट, म्हणजे एकूण ४००. रोजचे ५६ घेतले तर साधारण सात दिवसांत ती संपली पाहिजे. बाटली अठरा दिवस टिकतेय याचा अर्थ काकूंच्या अंगात रोज जेमतेम २२ युनिट जात होते. हा हिशेब कोणत्याही फेरीत करता आला असता. त्याला लॅब लागत नाही.

बाकीचं सुयांनी सांगितलं. पहिल्या पाकिटातल्या सिरिंजला नारिंगी टोपी, ती मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. बाटली मात्र ४० ची, तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगीवर २४ च्या रेघेपर्यंत भरलं की ०.२४ मिली येतं, म्हणजे या बाटलीतून ९.६ युनिट. आदल्या दिवशी पाकीट संपत आलं म्हणून नवं आणलं, दुसऱ्या दुकानाने बरोबर लाल टोपीची दिली. तिच्यावर २४ म्हणजे ०.६ मिली, पूर्ण २४ युनिट. एका रात्रीत अडीचपट. सून म्हणाली, औषध जास्त भरल्यासारखं वाटलं होतं, पण आकडा तर तोच होता.

तिला दोष कसा देणार? चिठ्ठीवर '३२–०–२४, सिरिंज १० नग' एवढंच. कोणती सिरिंज ते डॉक्टरने लिहिलं नाही, काउंटरवरच्या पोराने विचारलं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकातच १०० ची बाटली रुळली, आपल्याकडे ४० आणि १०० दोन्ही चालतात, आणि एका घरात दोन्ही येऊ शकतात. उलटा घोटाळा तर आणखी वाईट: इन्सुलिनचं पेन बिघडलं म्हणून त्यातल्या १०० च्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने औषध ओढलं की पहिल्याच दिवशी अडीचपट. मी आता पेशंटच्याच बाटलीतून, त्याच्याच सिरिंजने, माझ्यासमोर भरायला लावते. दहा मिनिटं लागतात. ओपीडीत एवढा वेळ नसतो असं मला ऐकवलं जातं.

डोस काय ठेवायचा, हाच मोठा पेच होता, कारण फाइलमधला एकही आकडा खरा नव्हता. खरे २२ अपुरे, खरे ५६ जिवावरचे. डॉक्टरांनी लाल टोपीने सकाळी १६, रात्री १० ठरवले, दर तीन दिवसांनी फास्टिंग बघून दोन-दोन युनिटांनी फेरफार. काकूंना समजवायला मात्र तासभर लागला. त्यांचं एकच, "मी खाल्लं नव्हतं, हे आधी लिहा." लिहिलं, आणि 'पथ्य पाळत नाहीत'वर डॉक्टरांकडून सहीनिशी काट मारून घेतली.

निघताना सुनेने पर्समधून उरलेल्या चार-पाच नारिंगी सिरिंज काढल्या. "अडीचने गुणून भरलं तर चालन ना? १६ साठी ४० ची रेघ?" हिशेब अगदी बरोबर होता. पण ती माहेरी गेली की इंजेक्शन मुलगा देणार. मी त्या ठेवून घेतल्या आणि लाल टोपीचं पाकीट मागवलं.