चेंबरचं काम काय?

आज एका तरुण उद्योजकाला म्हटलं, चेंबरचा, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचा, मेंबर हो, तर तो पटकन म्हणाला, "तिथे काय, सत्कार आणि फोटो." दिवसभर ते डोक्यातून जाईना.

अरे, १८३६ च्या बॉम्बे चेंबरमध्ये गोऱ्या कंपन्यांचं वजन, म्हणून १९०७ मध्ये भारतीय व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर उभं केलं, मग १९२७ ला वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर, १९३४ ला पुण्यात मराठा चेंबर. परक्या सरकारपुढे एकटा कारखानदार जाऊन काय बोलणार होता? वालचंद तर बोटींच्या धंद्यात ब्रिटिश कंपन्यांशी झगडलेले, त्यांना हे पक्कं माहीत असणार.

आज छोट्या वर्कशॉपवाल्याचं पेमेंट अडकलं की तो एकटाच फोन करत बसतो. त्याच्या बाजूने कोण बोलतं, सांगा ना?