लिनक्सवर तापणारा लॅपटॉप: माझा अनुभव

सोलापुरात मे महिन्यात दुपारी बंद खोलीतच ३८-३९ अंश असतात. पंख्याने थंड होणारं यंत्र खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही, त्यामुळे थंड गावातल्या कुणाचा ४५ अंशांचा आकडा इथे गाठायला जाऊ नये. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) नुसतं चालू असताना ७१ अंश दिसायचे. व्हिडिओ लावला की ९७, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडायचा आणि माउससुद्धा अडखळायचा.

उघडण्याआधी मोजलं. तापमान दाखवणारं एलएम-सेन्सर्स टाकून ‘पॅकेज’ (म्हणजे अख्खा प्रोसेसर) या ओळीवर लक्ष ठेवलं. प्रोसेसर किती राबतोय हे दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये तो जेमतेम ३ टक्के. पण चार्जर काढून वीजखर्च मोजणारं पॉवरटॉप लावलं, तर बॅटरीतून १९ वॅट जात होते. हे काम ८-९ वॅटचं. संशय प्रोसेसरबाहेरच्या वेगळ्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डावर गेला. ते जागं आहे का हे पाहायला ड्रायव्हरची स्टेटस कमांड चालवू नये, त्या कमांडनेच कार्ड जागं होतं. सिस फोल्डरात (/sys) कार्डाच्या पॉवर विभागातली रनटाइम-स्टेटस फाइल वाचावी. तिथे कायम ‘अ‍ॅक्टिव्ह’ होतं. ग्राफिक्स कार्ड निवडणाऱ्या प्राइम-सिलेक्ट कमांडने ‘इंटेल’ (प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स) निवडून रीस्टार्ट केल्यावर १० वॅट आणि ५९ अंश. बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआयची जोडणी त्याच कार्डाला असते. बाहेरचा मॉनिटर लागत असेल तर ‘ऑन-डिमांड’ (वेगळं कार्ड गरजेपुरतं) ठेवावं.

टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन ही वीज वाचवणारी दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवू नयेत, एकाच सेटिंगसाठी दोघं भांडतात.

जड काम दिलं की मात्र अजूनही ९५. म्हणून खालचं झाकण काढलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंख्याची पाती बरी दिसत होती. खरी घाण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे असते, ती पंखा उचलल्याशिवाय दिसत नाही. यंत्रमागांच्या वस्तीत हवेत सुताचे तंतू असतातच. ते धुळीत मिसळून तिथे घोंगडीसारखा दाट थर झाला होता. बाहेरून ब्लोअर मारला असता तर तो आतल्या आत सरकला असता. थर चिमट्याने सोलला, मग पाती काडीने अडवून हवा मारली, कारण पंखा मोकळा गरगरला की बेअरिंग जातं.

हीटसिंकचे (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडेथोडे सैल केले. चिप आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी पेस्ट मालदांडी ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी घेऊन चिपवर पातळ पसरली. मेमरी चिपांवरचे रबरी पॅड तसेच ठेवले. तिथली फट जाड असते, पेस्टने ती भरत नाही.

आता जड कामात ८२. भर दुपारी मी टर्बोही (प्रोसेसरचा जादा वेग) बंद करतो: इंटेल-पीस्टेट फोल्डरातल्या नो-टर्बो फाइलमध्ये रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून १ लिहायचा. रीस्टार्टनंतर तो पुन्हा ० होतो, म्हणून सुरू होताना अशा फाइली आपोआप लिहिणाऱ्या सिस्टमडीच्या टीएमपीफाइल्समध्ये त्यासाठी एक ओळ घालून ठेवली आहे.