शेवटी घेतलीच!

फोक्सवॅगन टाइप २, १९७४ची बे-विंडो (पुढची काच अखंड, बाकदार) कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली व्हॅन. आज ताब्यात आली. घरच्यांच्या प्रतिक्रिया नंतर कधीतरी, आधी तुम्हा वेड्या मंडळींना सांगतोय.

रंगाकडे बघितलंच नाही, टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली शिरलो. या गाड्यांना खातो तो गंज. चाकांच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या, बॅटरीखालचा पत्रा... स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. एका कमानीवर टणटण वाजायच्या ऐवजी भद्द आवाज आला. आत नुसती पुट्टी! तिथेच भाव उतरला.

इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र तडकलेत. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की आग लागायला वेळ लागत नाही, तेव्हा ते बदलल्याशिवाय लांब कुठेही जाणे नाही. हे मॉडेल ब्राझीलमध्ये २०१३पर्यंत बनत होतं, म्हणून सुट्या भागांची फारशी चिंता नाही.

मागची सीट ओढली की अजूनही एका झटक्यात पलंग होतो! (दोनदा उगाचच करून बघितला.)

वर उघडणाऱ्या छपराच्या कापडाला मात्र कुबट वास येतोय, शिवणही उसवलीय. धुऊन चालवू की नवीन शिवून घेऊ? फोटो टाकलेत. अनुभवी लोकहो, बोला.