सुई, अ‍ॅम्प की हॉल

शनिवार, रात्री

स्टिरिओसाठी पैसे बाजूला पडलेत. आता ते कशावर घालायचे, एवढंच ठरायचंय. धाकट्या दिराचं मत ठाम: "वहिनी, आधी अ‍ॅम्प बदल. चाळीस वॅटमध्ये काय होतंय?" (अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आवाज वाढवून स्पीकरला देणारं यंत्र.) वाद घातला नाही, हिशेब केला. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आमच्या 10 बाय 12च्या हॉलमध्ये रात्री ऐकताना दोन वॅटसुद्धा क्वचितच खर्च होत असतील. बाकीचे पडूनच आहेत, त्यात भर कशाला?

म्हणून आज मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावली आणि मग त्यांचंच गाणं सीडीवरून ऐकलं. अ‍ॅम्प तोच, स्पीकर तेच. रेकॉर्डची बाजू सुरू होते तेव्हा मला तक्रारीला जागा नाही. बाजू संपत आली की मात्र तान किरकिरी होते आणि तानपुऱ्याची जवार धुरकटते. सीडीवर यातलं काहीच नाही. म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर सुटले. बिघाड त्यांच्या अलीकडे आहे.

कारण सगळं रेकॉर्डवरच्या खाचेच्या, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या रेघेच्या, घेरात आहे. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच गतीने, पण घेर आत आत लहान होत जातो. कडेला सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढेच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात, आणि गोल टोकाची सुई त्या बारीक वळणांत पुरती उतरत नाही. पाश्चात्त्य रेकॉर्डवर अनेकदा बाजूच्या शेवटी संथ गाणं ठेवत, ते उगाच नव्हे. ख्यालाला ही सोय नाही! विलंबित कडेला, आणि द्रुत लय, तानांची झड सगळी लेबलाजवळ. सगळ्यात अवघड काम सगळ्यात अडचणीच्या जागी. एवढी वर्षं मी बुवांचा गळा शेवटी तापला म्हणून तसं ऐकू येतं असं धरून चालले असते, तर कुणी हसलंही नसतं.

माझं कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेतलं आहे. त्याची सुई ओढून काढता येते आणि त्याच बॉडीवर लंबवर्तुळी टोकाची किंवा त्याहून बारीक मायक्रोलाइन सुई सरकवून बसवता येते. मायक्रोलाइन महाग आहे, तरी स्पीकरच्या चांगल्या जोडीपुढे किरकोळच. पैसे तिथेच जाणार.

स्पीकरचं काय? डग्गा घुमतो, हे खरंय. पण बारा फुटी लांबीच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट 94ला आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलं की तो सगळ्यात जास्त फुगलेला मिळतो. आमचा सोफा नेमका तिथेच. संध्याकाळी नवऱ्याला हाताशी धरून तो दीड फूट पुढे ओढला, स्पीकरही कोपऱ्यातून बाहेर काढले. ("आता दरवाजा कसा उघडायचा?" उघडतो, जरा तिरकं व्हावं लागतं.) डग्ग्याची मींड आता वेगळी ऐकू येतेय, नुसता घुमारा नाही. हे फुकटात झालं.

उद्या स्पीकर बदलायचेच म्हटलं, तर त्यांनीच सगळ्यात मोठा फरक पडेल, यात शंका नाही. विजेची हालचाल हवेत आणि खाचेची हालचाल विजेत, ही दोन टोकंच खरी अडतात. मधलं यंत्र आजकाल बहुतेक निर्दोष असतं. पण सुई बसल्यावर महिनाभर ऐकेन, मगच स्पीकरकडे वळेन.

दिराने आता चांदीच्या केबलची लिंक पाठवलीय. आमची वायर तीन मीटरची, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, इलेक्ट्रिशियनकडून आणलेली. तीच राहणार.