तंजावरच्या भिंतीवरची मराठी

आज उन्हाचा कडाका सुरू होण्याआधीच बृहदीश्वराच्या देवळात पोहोचलो, हे बरे झाले. राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या देवळाचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे ६६ मीटर उंच असून, कावेरीच्या गाळाच्या सपाट मुलखात एवढा ग्रॅनाइट दुरून आणावा लागला होता. विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, असे एक वाटाड्या मोठ्या विश्वासाने सांगत होता. ती सावली तेव्हा त्याच्याच पायाशी पडली होती.

मला मात्र ओढ होती ती तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये आवाराच्या भिंतीवर कोरवून घेतलेल्या भोसले वंशचरित्राची. चोळांच्या तमिळ लेखांनी भरलेल्या त्या देवळात एकाएकी आपली बाळबोध अक्षरे दिसू लागतात, आणि ओळींमागून ओळी संपतच नाहीत. मान अवघडेपर्यंत वाचत राहिलो. आधी वाटले, हा राजाने मिरवलेला कुळाचा डौल. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे जाऊन सरफोजींच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा भाग एवढेच उरले होते, आणि त्यानंतर चारच वर्षांनी हा लेख कोरला गेला, हे ध्यानात घेतले की त्यात डौलापेक्षा निकडच अधिक जाणवते. आपल्या शाळेत व्यंकोजीराजे शिवरायांचे सावत्र भाऊ म्हणून एका परिच्छेदात येतात आणि तंजावर तिथेच संपते. इथे मात्र त्यांचा वंश १८५५ पर्यंत नांदला.

दुपारी देऊळ बंद झाल्यावर तापलेल्या फरशीवरून जवळजवळ पळतच बाहेर आलो, जेवण उरकले आणि राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय गाठले. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी मनापासून वाढवला. वैद्यकाचा त्यांना विशेष नाद होता. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी त्यांनी ठेवविल्या आणि त्या इथे जपलेल्या आहेत. गेलेल्या सत्तेचा शोक करीत बसण्याऐवजी मोतीबिंदूच्या उपचारांत लक्ष घालणारा हा राजा मला कित्येक रणशूरांपेक्षा अधिक आवडला.

तंजावरच्या मराठा दरबाराची मोडी कागदपत्रे मात्र ढिगाने आहेत आणि ती वाचू शकणारे मोजके. पुण्याला परतल्यावर मोडीच्या वर्गात नाव घालायचे ठरवले आहे.