हीट पंपाचा गॅस निवडताना सक्शनकडे बघा

समजा, सोलापूरच्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये रंगाईचं 65 अंशांचं सांडपाणी नाल्यात जातंय आणि तुम्हाला 115 अंशांचं दाबाखालचं पाणी हवंय. म्हणजे हीट पंपाचा इव्हॅपोरेटर (जिथे गॅस सांडपाण्याची उष्णता घेऊन उकळतो) 55 ला, कंडेन्सर (जिथे तो उष्णता देऊन द्रव होतो) 120 ला. आदर्श सीओपी (मिळालेली उष्णता भागिले लागलेली वीज) 6 च्या आसपास येतो. हाती निम्मा, म्हणजे 3 धरा.

पहिली चाळणी क्रिटिकल तापमानाची, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी गॅसचा द्रव होत नाही त्याची. कंडेन्सिंग त्याच्या 15-20 अंश तरी खाली हवं. आर-134ए 101 ला संपतो. अमोनियाचं क्रिटिकल 132 आहे, पण 120 ला दाब 90 बारच्या घरात जातो. आर-245एफए 154 पर्यंत असल्याने तांत्रिकदृष्ट्या बसतो, पण जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत किती पट तापमानवाढ) 1030 आहे. किगाली करारानुसार भारतात एचएफसींचा (245एफए याच वर्गातला) वापर 2028 ला गोठणार आहे. तेव्हा नव्या प्लांटसाठी तो घेऊच नका. ब्युटेन (152) उत्तम चालतो, मात्र ज्वलनशील आहे. गॅस डिटेक्टर, व्हेंटिलेशन आणि स्फोटरोधक वायरिंगचा खर्च आधीच धरा.

उरतात आर-1233झेडडी-ई (166) आणि आर-1336एमझेडझेड-झेड (171). आकडे जवळजवळ सारखे, म्हणून थोडा वरचा आकडा बघून अनेकजण दुसरा उचलतात. इथेच चूक होते. त्याचा उत्कलनबिंदू 33 अंश, त्यामुळे सक्शनची (कॉम्प्रेसरमध्ये शिरणारी) वाफ विरळ असते आणि तेवढ्याच उष्णतेसाठी कॉम्प्रेसर मोठा लागतो. शिवाय कोरड्या वाफेपासून दाबायला सुरुवात केली तरी शेवटी थेंब तयार होऊ शकतात. म्हणून कंडेन्सरमधून येणाऱ्या गरम द्रवाने सक्शन तापवणारा हीट एक्स्चेंजर बसवाच. डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस) कंडेन्सिंगपेक्षा किमान 10 अंश वर राहतोय ना, हे तपासत राहा.

खरा त्रास प्लांट बंद असताना होतो. 20 अंशांच्या रात्री 1336 चा दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली, निर्वातात जातो आणि गळती असेल तर हवा आत ओढली जाते. ती हवा कंडेन्सरमध्ये साचते, हेड प्रेशर (कंडेन्सरकडचा दाब) चढतं, आणि ओलाव्यासोबत गॅसचं आम्ल होतं. 1233 चा उत्कलनबिंदू 18 आहे, म्हणजे धोका आहे, पण कमी. प्लांट थंड होऊन सगळीकडे तापमान एक झाल्यावर दाब त्या गॅसच्या दाब-तापमान तक्त्याशी ताडून पाहा: तक्त्यापेक्षा जास्त आला तर आत हवा आहे.

या कामासाठी मी 1233 घेईन. कंडेन्सिंग 145 च्या पुढे जाणार असेल, तरच 1336. तेल कॉम्प्रेसरवाल्याने त्याच गॅससाठी मंजूर केलेलंच भरा. गरम गॅस विरघळला की तेल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. म्हणून क्रँककेस हीटर (तेल गरम ठेवून त्यातला गॅस बाहेर काढणारा) प्लांट सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून चालू ठेवा.